मारुतीचं इंजिन, विमानाचा पंखा आणि मधला पट्टा

गावातल्या कुणीतरी बनवलेल्या विमानाची रील आली की कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "भावा, इंजिन कुठलं?" माझ्या मते विचारायला हवं ते दुसरंच. इंजिन भंगारातही मिळतं. इंजिन आणि पंखा यांच्या मधे काय बसवलंय, ते विचारा. आजचा एपिसोड त्यावरच.

मारुती ८०० घेऊ. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, साधारण ३७ हॉर्सपॉवर. पण ही ताकद मिळते ५,००० आरपीएमच्या आसपास. आता क्रँकशाफ्टला थेट दीड मीटर व्यासाचा पंखा लावला तर? पात्याचं टोक एका फेरीत ४.७ मीटर जातं आणि सेकंदाला ८३ फेऱ्या होतात. गुणाकार करा: सेकंदाला जवळपास ३९० मीटर. आवाजाचा वेग आहे ३४०च्या आसपास! टोक त्याच्या पुढे गेलं की कानठळ्या बसतात आणि हवा ढकलायची ताकद शॉकवेव्हमध्ये वाया जाते. बरं, पंखा लहान केला तर तो थोडीच हवा पकडतो, आणि हळू उडणाऱ्या हलक्या विमानाला खेच पुरत नाही.

म्हणजे इंजिन जोरात आणि पंखा हळू, असं पाहिजे. आता हे जालन्यात काय शिकवायचं? पिठाची गिरणी आठवा. मोटरवर छोटी पुली, जात्याकडे मोठी पुली, मधे पट्टा. राइट बंधूंनी १९०३ मध्ये हेच केलं, फक्त पट्ट्याऐवजी सायकलसारखी चेन वापरली: इंजिनाकडे ८ दात, पंख्याकडे २३.

गिरणीचा पट्टा थोडा घसरला तर दळण उशिरा होतं, एवढंच. विमानात तसं चालत नाही, म्हणून दातांचा रबरी पट्टा घेतात. गाडीच्या टायमिंग बेल्टचाच भाऊ, पण चांगलाच रुंद. याला तेल लागत नाही, गिअरबॉक्सपेक्षा तो स्वस्त पडतो, आणि वरची पुली उंच असल्याने पंखाही जमिनीपासून वर राहतो. प्रमाण २:१ धरलं तर आपलं ३९० थेट १९५ वर येतं. झकास.

पण इथेच लोक फसतात. पट्टा नुसता फिरवत नाही, तो बाजूला ओढतो. या इंजिनाचा टॉर्क सुमारे ५९ न्यूटन-मीटर. खालच्या पुलीची त्रिज्या ५ सेंटीमीटर असेल तर पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणात जवळपास १२० किलोचा फरक पडतो, आणि पट्टा घट्ट बसवताना दिलेला ताण वेगळाच. गाडीत क्रँकशाफ्टच्या त्या टोकाला क्लच असतो. तो पीळ देतो, असा आडवा ओढत नाही. म्हणून पुलीच्या पुढच्या बाजूलाही बेअरिंगचा आधार हवा. नुसती पुली बोल्टने लटकवली असेल, तर माझ्याकडून नापास.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. तीन सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत तीन धक्के देतं. ५,००० आरपीएमला सेकंदाला १२५ धक्के, ९०० ला साधारण २२. एका टोकाला हे धक्के, दुसऱ्या टोकाला जड पंखा, मधे स्प्रिंगसारखा पट्टा. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिलात तर तो उंच उंच जातो ना? तसंच. एखाद्या ठरावीक वेगाला लय जुळली की पट्ट्याचे दात, बोल्ट, शाफ्ट, जे कमजोर असेल ते तुटतं. फुल थ्रॉटलला सगळं गुळगुळीत चालेल आणि आयडलच्या जरा वर खडखडाट होईल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा: ठरावीक लोडलाच दिसणारा बग. फ्लायव्हील काढून वजन वाचवायला गेलं तर ही लयही बदलते, हे लक्षात घ्या. रोटॅक्स ९१२ सारख्या, विमानासाठीच बनलेल्या इंजिनालाही रिडक्शन लागतं, पण त्याचा गिअरबॉक्स कंपनी स्वतः देते, २.२७ किंवा २.४३ प्रमाणाचा. म्हणजे हे गणित आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेलं असतं.

हे सगळं मी ताणून सांगतोय, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळच्या फुलसावंगीत २४ वर्षांचा एक वेल्डर, मारुती ८००चंच इंजिन लावलेल्या स्वतःच्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेत होता. शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि तो पोरगा गेला. इंजिन चालू होतं. उड्डाण तर झालंच नव्हतं.

त्यामुळे "आपण उडवणार नाही, फक्त स्टार्ट करून बघतोय" हे वाक्य मला पटत नाही. चाचणी करायचीच तर सांगाडा जमिनीला पक्का बांधा, थ्रॉटल लांबून चालवा, आणि पंख्याच्या रेषेत, म्हणजे पातं तुटलं तर ज्या बाजूंना उडेल तिथे, कुणालाही उभं राहू देऊ नका. व्हिडिओ काढणाऱ्यालाही नाही. आणि उडवायचं असेल तर डीजीसीएची परवानगी. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः पायलट. त्यांचं विमान २०१६ ला बीकेसीत सगळ्यांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं.

पुढच्या वेळी असा जुगाड दिसला की मला इंजिनाचा फोटो नका पाठवू. पुलीच्या बाजूने काढलेला पाठवा, बेअरिंग दिसेल असा.