ओला रस्ता आणि आपली गाडी

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे आपल्या वस्त्यांतून गाड्या निघतात, तेव्हा परतीचा पाऊस पुष्कळदा सरलेला नसतो. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

रस्त्यावरचे पाणी टायरच्या खाचांतून बाहेर फेकले जाते. खाचा झिजलेल्या असल्या वा वेग फार असला, तर पाण्याला वाट मिळत नाही. टायर पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग वळवून काय उपयोग? ब्रेकही लागत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद. आमच्या मते पावसाळ्यात त्याआधीच बदलावा. भाड्याची गाडी ठरवताना आपण दराची घासाघीस करतो, टायर मात्र कोणी पाहत नाही!

गटारे बुजली की पाणी रस्त्याच्या कडेला साचते. एका बाजूची चाके त्यात गेली की गाडी तिकडेच ओढली जाते. पुरात तर पुलावर गाडी घालूच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री चवदार तळ्याच्या महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या.

अपघात दिसल्यास १०८ वर फोन करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.