ज्यांची गाणी झाली, त्यांची नावे उरली

थेरीगाथेत बुद्धकाळातील भिक्खुणींच्या गाथा आहेत. त्या आधी मुखोद्गत राहिल्या, पुढे लिहिल्या गेल्या. म्हणून त्या थेरींची नावे आजही आपल्याला ठाऊक आहेत.

आपल्या महाराष्ट्राचे काय? फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ही नावे आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहेत? उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या आठवणी टिपून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला.

परंतु ग्रंथ कपाटात राहतो, गाणे ओठांवर राहते. पालुपद पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे निरक्षर माणसाच्याही ध्यानात नाव बसते. गोष्ट त्या नावामागचा प्रसंग, गाव आणि साल सांगते. आंबेडकरी जलशांनी गाणे व संवाद यांची अशीच सांगड घालून चळवळ घरोघरी पोहोचवली.

कारखान्यांमुळे पिंपरीत आलेल्या कुटुंबांतील आज्यांनी गावाकडच्या ओव्याही बरोबर आणल्या. जाती गेली, ओव्या काही जणींना अजून पाठ आहेत. विद्यार्थ्यांनी त्या ऐकाव्यात, जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, गाणारीचे नाव व गाव लिहावे. पदरचे काही घालू नये. येत्या भीमजयंतीला प्रत्येक गटाने एक गाणे व एक गोष्ट सादर करावी. आजी गेल्यावर विचारायचे कोणाला?