ग्लॅडिओलसचा नवा वाण

लग्नसराईंत पुण्याच्या गुलटेकडीच्या फूलबाजारांत ग्लॅडिओलसच्या उंच दांड्यांच्या जुड्या रचलेल्या असतात. त्यांतील एखादा रंग मनांत भरतो. पण तो जन्मास यावयाला किती खटपट पडली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

गणेशखिंडींतील बाग १८७३ सालची. आज ती महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे, आणि तेथें निपजलेल्या एका ग्लॅडिओलसचें नांव 'फुले गणेश'. यांतील 'फुले' म्हणजे फुलें नव्हेत, ज्योतिराव होत.

या फुलांत पराग आधीं पिकतो आणि स्त्रीकेसराचें तिफाटी टोक मागाहून उघडतें. म्हणून कळी उमलण्यापूर्वींच तिचे तिन्ही परागकोश चिमट्यानें काढतात, टोक उघडल्यावर दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावतात, आणि फूल पिशवीनें झांकतात. सुमारें महिना-दीड महिन्यांत बोंड पिकतें. आंत पातळ पंखांचें बीं असतें.

खरी कसोटी पुढेंच. एकाच बोंडांतलीं भावंडें सारखीं निघत नाहींत. कोणाचा रंग फिका, कोणाचा दांडा वांकडा. फूल दिसावयास दोन-तीन हंगाम जातात, आणि शेंकडों रोपांतून एखादेंच ठेवण्याजोगें सांपडतें. त्याचें बीं पेरावें तर गुण पुन्हा विखुरतात. तें कंदांनींच वाढवावें लागतें. त्यामुळें अत्यंत देखणें, पण छोटे कंद कमी धरणारें रोप शेतकऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं.

खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसतांच दांडा कापतात. वरच्या कळ्या मग दिवाणखान्यांतल्या फुलदाणींत एकेक करून उमलतात.