त्वचेची निगा, लेखांक ६ : आधी काय लावायचं, नंतर काय?

मागच्या दोन लेखांत आपण स्वतःच्या त्वचेचा प्रकार ओळखला आणि बाटलीमागची बारीक अक्षरं कशी वाचायची ते पाहिलं. आता क्रमाचा प्रश्न. फेसवॉश, टोनर, सीरम, क्रीम, सनस्क्रीन, शिवाय डॉक्टरांनी दिलेली मुरमांची ट्यूब. यातलं आधी काय लावायचं आणि नंतर काय? क्रम चुकला तर पैसे वाया जातात का? चेहऱ्याची आग होते का?

उत्तर आधीच सांगून टाकते. क्रम खरोखर महत्त्वाचा आहे तो दोनच ठिकाणी. औषध किंवा सीरम धुतलेल्या, मोकळ्या त्वचेला लागलं पाहिजे, म्हणजे ते क्रीमच्या आधी. आणि सकाळी सनस्क्रीन सगळ्यात शेवटी. त्यावर मेकअपखेरीज दुसरं काही नको. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही. कोरियन पद्धतीच्या दहा-दहा पायऱ्यांचे व्हिडिओ बघून धास्तावलेल्या कॉलेजच्या मुलींना मी हेच सांगते.

यामागचं कारण कळलं की यादी पाठ करावी लागत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांच्या लेपाने बुजवलेल्या असतात. आतलं पाणी आत राखायचं आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं, हे या भिंतीचं काम. आपण हौसेने लावलेलं सीरमही तिच्या लेखी बाहेरचंच! बोस आणि मायनार्डी या डच त्वचारोगतज्ज्ञांनी २००० साली यासाठी एक सोपा आडाखा मांडला : रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या वर असेल तर तो धडधाकट त्वचेतून आत शिरणं अवघड. व्हिटॅमिन सी साधारण १७६ डाल्टनचं, नायसिनामाइड १२२ चं, रेटिनॉल २८६ चं. कोलाजेन मात्र लाखांच्या घरात. म्हणून कोलाजेनचं महागडं क्रीम त्वचेवर बसून तिला मऊ ठेवेल, पण आत जाऊन सुरकुत्या भरून काढणार नाही.

आधीच अवघड असलेल्या या वाटेवर आपण अगोदर दाट, तेलकट क्रीमचा थर दिला आणि त्यावर पाण्यासारखं सीरम टाकलं, तर ते वरच्यावर राहतं. पातळ आधी, दाट नंतर, हा नियम यातून आला. व्हॅसलीन हे त्याचं टोकाचं उदाहरण. ते त्वचेतून उडून जाणारं पाणी जवळपास पूर्ण थोपवतं, म्हणून फुटलेल्या टाचांना आणि ओठांना त्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यावर काही लावण्यात अर्थ नाही. व्हॅसलीन नेहमी शेवटी, आणि तेही रात्री.

आता सकाळ. चेहरा धुवायला अंगाचा साबण नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणीही पुरतं. टोनर नसला तरी चालतो. व्हिटॅमिन सीचं सीरम वापरत असाल तर त्याची जागा इथे, धुतल्यावर लगेच. या जीवनसत्त्वाचं शुद्ध रूप त्वचेत शिरायला साडेतीनपेक्षा कमी पीएच लागतो, म्हणजे सीरम चांगलंच आंबट असतं. क्रीमवर लावलं तर हा आंबटपणा त्वचेपर्यंत नीट पोचत नाही. सीरम पिवळं असताना विकत घेतलं आणि आता चहासारखं तपकिरी झालं, तर ते खराब झालंय. क्रम कितीही बरोबर असला तरी त्याचा उपयोग नाही.

मग क्रीम, आणि ते चेहरा थोडा ओलसर असतानाच. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात, पण धरायला आधी पाणी असावं लागतं. इथे आपला प्रदेशही बघायला हवा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत, तेलकट त्वचेच्या माणसाला जेलसारखं सनस्क्रीन एकटंच पुरतं. त्याखाली वेगळं क्रीम लावलं की लोकलमध्ये दादरपर्यंत चेहरा चिकट होतो. हिवाळ्यात नागपूर-अमरावतीकडे मात्र नुसतं हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम लावून बाहेर पडाल तर त्वचा आणखी तडतडेल. तिथे सीरमवर क्रीम हवंच.

आणि शेवटी सनस्क्रीन. इथे मला जरा थांबायचंय, कारण क्रम बरोबर असूनही सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सनस्क्रीन आत मुरण्यासाठी नसतं. त्याचा एकसलग पापुद्रा त्वचेवर बसायला हवा, तेव्हाच ते ऊन अडवतं. म्हणून ते शेवटी, आणि म्हणूनच ते तळहातावर क्रीममध्ये किंवा फाउंडेशनमध्ये कालवायचं नाही. कालवलं की पापुद्रा विरळ होतो, जागोजागी तुटतो. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि १५ चं फाउंडेशन मिळून ४५ होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. आपण घरी बहुतेकदा त्याच्या निम्मंही लावत नाही, म्हणजे डबीवरचा आकडा आपल्याला मिळतच नाही. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ ओढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. कान विसरू नका. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून साधारण महिनाभरात संपते. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. म्हणून महागडी छोटी ट्यूब घेऊन चिमूटभर लावण्यापेक्षा परवडणारी घेऊन भरपूर लावलेली केव्हाही बरी.

लावताना चेहऱ्यावरून पांढऱ्या बारीक वळ्या निघतात, खोडरबर घासल्यावर कागदावर पडतात तशा. बऱ्याच जणी घाबरून सनस्क्रीनच बदलतात. खरं तर बहुतेकदा खालचं क्रीम अजून बसलेलं नसतं. क्रीम लावून दोन-चार मिनिटं जाऊ द्या, तेवढ्यात डबा भरून होतो. मग सनस्क्रीन ठिपक्या-ठिपक्यांनी लावा आणि न रगडता पसरवा. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम रुमालाने रगडून पुसलात तर त्याच्याही आधी. वांग असलेल्यांनी शक्य असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही.

रात्रीचा क्रम सुरू होतो तो दिवसभराचं काढण्यापासून. पाण्याने न निघणारं सनस्क्रीन आणि मेकअप तेलात चटकन विरघळतात. म्हणून आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम, मग फेसवॉश. परदेशी फॅशन म्हणून याकडे बघायचं कारण नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपण आधी तेल चोळतो, मग उटणं लावून ते काढतो; दोन्हींतलं तत्त्व एकच. सनस्क्रीन-मेकअप काही नसेल तर फेसवॉश एकदाच पुरे.

त्यानंतर औषधाची पाळी. मुरमांसाठी किंवा डागांसाठी डॉक्टरांनी अडॅपलीन, ट्रेटिनॉइनसारखं रेटिनॉइड दिलं असेल तर एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवा : क्रीमला ओलसर चेहरा हवा, पण याला पूर्ण कोरडा. ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि चेहरा लाल होतो, सोलवटतो. तोंड पुसून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं औषध घ्या, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडून लावा, वरून क्रीम. सुरुवात आठवड्यातून दोन-तीन रात्रींनी. तरीही आग होत असेल तर नियम खुशाल मोडा : आधी क्रीम, मग औषध, हवं तर पुन्हा क्रीम. जोर थोडा कमी होतो, पण औषध चालू राहतं, आणि मुरमांत सातत्यच उपयोगी पडतं. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम त्याच रात्री नको, दुसऱ्या रात्री लावा. दाढी केल्या-केल्या यातलं काहीच लावू नका, नुसतं साधं क्रीम लावा. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉइड पूर्ण बंद करून डॉक्टरांशी बोला.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर. मेडिकलवाल्याने दिलेलं गोरं करणारं क्रीम या क्रमात कुठे बसवायचं, असं पुष्कळ जणी विचारतात. कुठेच नाही. अशा ट्यूबमध्ये बरेचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण असतं. डॉक्टर ते वांगासाठी मोजके आठवडे, देखरेखीखाली देतात. घरोघरी मात्र ते वर्षानुवर्षं फेस क्रीम म्हणून चोळलं जातं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, शेजारीपाजारी विचारू लागतात, मग बहीण, जाऊ, मुलगी सगळ्यांच्या हाती तीच ट्यूब. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते. क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. सावळ्या रंगाला दोष ठरवणारं आपलं लग्नाळू जग याला जबाबदार आहे, आणि त्याची किंमत विशी-बाविशीतल्या मुली आपल्या चेहऱ्याने मोजतात.

पुढच्या आठवड्यात सनस्क्रीनच्या ट्यूबवरचे एसपीएफ आणि पीए यांविषयी सविस्तर बोलू. तोवर घरातल्या सगळ्यांच्या क्रीमच्या ट्यूब बाहेर काढा आणि मागची नावं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं आणि ते कुणी डॉक्टरांना न विचारता चेहऱ्याला लावत असेल, तर ती ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मनानेच एकदम बंद करू नका. ते कसं सोडवायचं हे डॉक्टरच सांगतील.