सोपा अभ्यासक्रम कोणाला सोपा?

मुलाला कांहीं काळ घरींच शिकवावें लागावें, असा प्रसंग कोणत्याहि कुटुंबावर येऊं शकतो. दीर्घ दुखणें, मध्येंच झालेली बदली, शाळेशीं न जुळलेलें मन; कारण कांहींहि असो, पहिला प्रश्न हाच उभा राहतो कीं, शिकवावयाचें काय आणि कोणत्या क्रमानें? आमच्या परिचयांतील पाथर्डीच्या एका कुटुंबांत हा प्रश्न आला तो दहा वर्षांच्या मुलीच्या आजारामुळें. वडिलांचें औषधांचें दुकान, आई बँकेंत नोकरीस, आणि घरीं आजोबा. पण त्यांना बारीक अक्षर दिसेनासें झालेलें.

शहरांतून एक महागडा संच मागविण्यांत आला. रंगीत पुस्तकें, तक्ते, ठोकळे, रोजच्या सहा विषयांचें वेळापत्रक, सर्व कांहीं त्यांत होतें. नव्हता तो फक्त शिकविणारा. प्रत्येक पाठापूर्वीं पालकानें चार पानें सूचना वाचाव्या, साहित्य जमवावें आणि मग मुलीस घेऊन बसावें, अशी त्यांत अपेक्षा. आठवडेबाजाराच्या दिवशीं दुकानांत मान वर करण्यास उसंत नसे. सप्टेंबरअखेर बँकेंत तिमाहीचे हिशेब आले, पाठोपाठ नवरात्रांत मोहटादेवीची यात्रा आणि त्यानिमित्त घरीं पाहुणे. वेळापत्रक एकदां मागें पडलें तें पडलेंच. मुलीला वाटूं लागलें कीं, आपणच ढ. आईला वाटूं लागलें कीं, चूक आपलीच. संध्याकाळ झाली कीं घरांत रडारड. पैसे गेले त्याचें एवढें नाहीं; पण हें नुकसान कोणत्या हिशेबांत धरावयाचें?

अभ्यासक्रम निवडतांना आपण मुलाचें वय पाहतों, विषय पाहतों, छपाईहि पाहतों. शिकविणाऱ्याचा दिवस मात्र पाहत नाहीं. वास्तविक ‘सोपें’ हें विशेषण प्रथम त्याच्याकडून तपासून घ्यावयास हवें. दिवाळीनंतर या कुटुंबानें एका कागदावर आपला खरा मोकळा वेळ मांडला. सकाळीं आईचा पाऊण तास, रात्रीं वडिलांचा अर्धा तास, आणि आजोबांची सबंध दुपार. एवढ्यांत बसेल तोच आपला अभ्यासक्रम.

गंमत अशी कीं, याचा उत्तम नमुना त्यांच्या गांवांतच होता. याच तालुक्यांत चिंचोडी येथें १९०० सालीं जन्मलेल्या आचार्य आनंदऋषिजींच्या प्रेरणेनें पाथर्डीस स्थानकवासी जैनांचें धार्मिक परीक्षा बोर्ड उभें राहिलें. विशारद, शास्त्री, आचार्य अशा चढत्या पायऱ्या. प्रत्येक पायरीस नेमलेलीं पुस्तकें आणि अखेर परीक्षा. मधला वेळ शिकणाऱ्याचा. विषय निराळा आहे हें खरें. परंतु कामाच्या माणसाला असा अभ्यास कां झेपतो, हें त्यांतून कळतें. चार दिवस खंड पडला म्हणून कांहीं मोडत नाहीं. जेथें थांबलों तेथून पुढें जातां येतें.

संच माळ्यावर गेला आणि बालभारतीचीं पांचवीचीं पुस्तकें खालीं आलीं. १९६७ सालीं स्थापन झालेल्या या मंडळाचीं पुस्तकें स्वस्त तर आहेतच, शिवाय संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मुख्य लाभ निराळाच. मूल पुढें शाळेंत परतलें तर वर्गांत तेंच पुस्तक समोर येतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गांत प्रवेश मिळतो, त्यामुळें परतीची वाट बंद होत नाहीं. ज्यांना घरींच पुढें जावयाचें आहे, त्यांच्यासाठीं राष्ट्रीय व राज्य मुक्त विद्यालयांच्या परीक्षा आहेत. दहावीस बाहेरून बसण्यासाठीं सतरा नंबरचा अर्जहि आहे. आपण कोणत्या परीक्षेच्या वाटेनें जाणार, हें पुस्तकें विकत घेण्यापूर्वींच ठरवावें.

रोज फक्त मराठी आणि गणित. उरलेले विषय आठवड्यांतून दोनदां. इंग्लंडमध्यें १८८७ च्या सुमारास शार्लट मेसन यांनीं पालकांची संघटना काढली. परदेशीं असलेल्या इंग्रज कुटुंबांना तिचे अभ्यासक्रम डाकेनें जात. लहान मुलांचा पाठ वीस मिनिटांहून मोठा नसावा आणि वाचलेलें मुलानें स्वतःच्या शब्दांत सांगावें, असा त्यांचा कटाक्ष. दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या आपल्या घरांना यांत नवें वाटूं नये. आजोबांना वाचतां येत नव्हतें, पण ऐकतां येत होतें! दुपारीं नात धडा वाचून दाखवी, मग पुस्तक मिटून सांगे; चुकलें कीं आजोबांची काठी जमिनीवर वाजे. परिसर अभ्यासांत पाण्याचा पाठ आला तेव्हां १९७२ च्या दुष्काळाची हकीकत त्यांनीं तीन दुपारी पुरविली. सोबतीची उणीव मात्र पुस्तकांनीं भरून निघेना. म्हणून जरा बरें वाटूं लागतांच संध्याकाळचा एक तास शेजारच्या मुलांत खेळण्यासाठीं राखून ठेवला, आणि तो अभ्यासासाठीं कधींहि मोडला नाहीं.

होळीनंतर मढीची यात्रा आली. आठ दिवस पुस्तक उघडलें गेलें नाहीं. नवव्या दिवशीं खुणेचा दोरा होता तेथून पाठ सुरू झाला. जूनमध्यें मुलगी सहावीच्या वर्गांत जाऊन बसली. अपूर्णांक अजून थोडे कच्चे आहेत. शाळा सुटल्यावर दप्तर ठेवून ती आधीं आजोबांकडे जाते. आज वर्गांत काय झालें तें सांगितल्याशिवाय ते तिला खेळावयास सोडीत नाहींत.