ज्येष्ठा पाहिली का?

‘ज्येष्ठा नक्षत्राची मुलगी थोरल्या दिराला वाईट!’ एवढ्यावरून माझ्या भाचीला आलेले चांगले स्थळ यंदा परत गेले. मैत्रिणींनो, ही ज्येष्ठा कुणी पाहिली तरी आहे का?

रत्नागिरीतून मेच्या अखेरीस रात्री साडेनवाला, समुद्राकडे पाठ करून आग्नेयेला बघा. वृश्चिकातला लाल तारा तीच. शाळेची दुर्बीण मागून आणून आम्ही भाचीला गच्चीवर ती दाखवली. दुर्बिणीतूनही ठिपकाच, रंग मात्र निखाऱ्याचा. लाल म्हणजे जहाल, असे नव्हे हं! लाल निखारा पांढऱ्याशुभ्र तापलेल्या लोखंडापेक्षा निवलेला, तशी ही सूर्यापेक्षा थंड. आयुष्याच्या अखेरीस फुगून सूर्याच्या सुमारे ७०० पट रुंद झालेली. अंतर सुमारे ५५० प्रकाशवर्षे! आज दिसणारा तिचा किरण शिवरायांच्या जन्माआधीच निघालेला. तो म्हणे आमच्या मुलीचा दीर शोधत येणार!

आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी वाचकांना आकाश दाखवले, त्याला शंभरावर वर्षे लोटली.

वटपौर्णिमेला चंद्र हिच्याच आसपास असतो, म्हणून महिना ज्येष्ठ. पण तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग. पावसाआधीच, मुलीबाळींना घेऊन, बघून घ्या. दुर्बीण नसली तरी चालते.