साखर आटोक्यात, पण हृदयाचे काय?

मधुमेह म्हटला की आपल्याकडे सर्वांचे लक्ष एकाच आकड्याकडे लागते. तपासणीत साखर ठीक आली की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रक्तदाबाची गोळी 'आता कशाला?' म्हणून बंद होते. परंतु मधुमेही माणसाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा. साखर हा त्या धोक्याचा एक भाग आहे, संपूर्ण धोका नव्हे.

हे असे का घडते? वाढलेली साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करते. वाढलेला रक्तदाब त्याच अस्तरावर ताण आणतो. दुखावलेल्या जागी एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल शिरते व त्याचा थर साचतो. तंबाखूमुळे हे सारे अधिक वेगाने होते. एके दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि रक्ताची वाट बंद पडते. हृदयाची वाट बंद झाली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूची झाली तर पक्षाघात.

'आमचे वडील तर अंगाने सडपातळ, त्यांना काय होणार?' असेही पुष्कळ जण म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला स्वतःच्याच शरीराचे उदाहरण देऊन उत्तर दिले. २००४ साली त्यांनी व ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांची तुलना प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के भरली! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी दडलेली असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा.

आता उपायांकडे वळू. १९९८ साली ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. ज्या मधुमेही रुग्णांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ पर्यंत खाली ठेवला गेला, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. २००४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात, कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या मधुमेहींनाही स्टॅटिन गटातील गोळीने लाभ झाला. हृदयविकार व पक्षाघाताचे प्रसंग ३७ टक्क्यांनी घटले.

सर्वांत बोलका अनुभव डेन्मार्कचा आहे. तेथे १६० मधुमेही रुग्णांचे दोन समान गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांवर एकाच वेळी लक्ष ठेवले. सुमारे आठ वर्षांनंतर, २००३ साली हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातील ८० पैकी ३५ जणांना हृदय वा रक्तवाहिन्यांचा गंभीर आजार झाला होता, दुसऱ्या गटात १९ जणांना. याउलट अमेरिकेतील एका अभ्यासात केवळ साखर फार खाली आणण्याचा अट्टाहास केला, तेव्हा त्या गटात मृत्यू अधिक झाले आणि २००८ साली तो प्रयोग थांबवावा लागला. तात्पर्य, एकाच आकड्यामागे धावण्यात हित नाही.

अलीकडे साखरेबरोबर हृदयालाही जपणारी औषधे निघाली आहेत. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचा हृदयाला होणारा लाभ २०१५ साली सिद्ध झाला. मार्च २०२५ मध्ये भारतातील त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त गोळ्याही बाजारात आल्या. अर्थात कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

आपल्या हाती मात्र पुष्कळ आहे. सिल्लोडची मिरची दूरदूर जाते. ठेच्यातील तिखटाला भिण्याचे कारण नाही. हात आखडायचा तो मिठाला. लोणचे, पापड व ठेचा धरून दिवसभरात एक लहान चमचाभर मीठ पुरे. तंबाखूची पुडी व बिडी पूर्ण बंद हवी. आठवड्यातून पाच दिवस निदान अर्धा तास भरभर चालावे. रक्तदाब साधारणपणे १३०/८० च्या आत असावा, आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल व मूत्रपिंडाची तपासणी व्हावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधुमेहात नसा बधिर होत असल्याने झटक्याच्या वेळी छातीत दुखेलच असे नाही. एकाएकी दम लागणे, दरदरून घाम येणे किंवा फार थकवा वाटणे एवढीच खूण असू शकते. अशा वेळी 'पित्त झाले असेल' म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सिल्लोडहून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. वाट बघण्यात गेलेला प्रत्येक तास हृदयाचे स्नायू कमी करतो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी डॉक्टरांची फाईल वाचू शकणारे आपणच पहिले असतो. या सुट्टीत आई-वडिलांची फाईल उघडा. साखरेच्या आकड्याखाली रक्तदाब व कोलेस्टेरॉलचे आकडे आहेत का, ते पाहा. नसतील, तर पुढच्या खेपेस डॉक्टरांना तेवढे अवश्य विचारा.